माळवदाच्या घरातली लाकडी माडी अन् तुळया : साफसफाई, निगा आणि धोक्याच्या खुणा

परंडा : तालुक्यात स्लॅबची घरं वाढली तरी गावठाणात माळवदाचे वाडे अजून उभे आहेत. सागवानी खांब, त्यावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा किलचन आणि सगळ्यात वर पांढरी माती, अशी ही रचना. काही वाड्यांत माडीची जमीनही फळ्यांचीच असते. सागवान टिकतं म्हणून त्याच्याकडं कुणी बघत नाही, बिघाड तिथूनच सुरू होतो.

फळ्यांच्या जमिनीला पाणी सोसत नाही. फरशीसारखी बादली ओतून ती धुवायची नसते. पाणी सांध्यात शिरतं, फळी फुगते, वाळताना वाकते आणि खिळे वर येतात. रोज मऊ केरसुणीनं झाडावं. पायाबरोबर आलेली वाळू फळी घासून काढते, म्हणून चपला खालीच काढाव्यात. आठवड्यातून एकदा घट्ट पिळलेल्या फडक्यानं लाकडाच्या रेषेनं पुसावं. ॲसिड, ब्लीचिंग पावडर, धुण्याचा सोडा लाकडाला नकोच.

कोरड्या पडलेल्या फळ्यांना जवसाचं तेल चांगलं. रंगाच्या दुकानात ते 'डबल बॉईल' म्हणून मिळतं. कच्चं तेल वाळायला फार दिवस घेतं. उन्हाळ्यात पातळ हात द्यावा आणि अर्ध्या तासानं जास्तीचं तेल पुसून घ्यावं, नाहीतर जमीन चिकट राहते. तेलाच्या फडक्यांचा बोळा मात्र कोपऱ्यात टाकू नये. हे तेल वाळताना तापतं, बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी पाण्यात बुडवावीत किंवा बाहेर उघड्यावर पसरावीत. बरेच जण ट्रॅक्टरचं जळकं ऑईल लावतात. फुकटात मिळतं खरं, पण घरात त्याचा वास जात नाही अन् लेकरांच्या हातापायाला लागतं.

वाळवी भिंतीतून येते. खांबावर, कडीवर मातीची बारीक नळी दिसली की समजावं. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकून बघावं; लाकूड पोकळ वाजलं तर आतून खाल्लेलं आहे. पिठासारखा भुसा गळत असेल तर तो भुंग्याचा. सागाचा गाभा सहसा वाचतो, कडेचा पांढरा भाग आधी जातो. शेतातलं उरलेलं कीटकनाशक घरात फवारू नये, जाणकाराकडूनच औषध करून घ्यावं.

सगळ्यात जपायचं ते कडीचं भिंतीत गेलेलं टोक. पन्हाळ तुंबली की पाणी तिथं मुरतं आणि टोक कुजतं, वरून काहीच दिसत नाही. मृगाच्या आधी पन्हाळी साफ करून माळवदावरचं गवत उपटावं. गळतीवर दरसाल नवी माती टाकायची आपल्याकडची रीत धोक्याची आहे. दहा बाय दहाच्या खणावर फूटभर माती म्हणजे एक ब्रास, साधारण साडेचार टन वजन. त्यावर दोन इंच वाढवले की साडेसातशे किलो आणखी; भिजल्यावर त्याहून जास्त. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं दगडी भिंती आणि असल्याच जड माळवदाखाली गाडली गेली. नवी माती टाकायची तर आधी जुनी तेवढी उतरवावी.

कडी वाकलेली किंवा टोकाला चिरलेली दिसली तर त्या खोलीत झोपणं बंद करावं. आधी खालून टेकू, मग वरची माती उतरवायची, मग सुतारानं कडी बदलायची. टेकू न देता माळवदावर चढू नये.