गुलाबाच्या बागेंतील चाकू आणि कात्री

हत्यारांचा इतिहास लिहिण्याची आपल्याकडे फारशी चाल नाहीं. राजे, लढाया व तह यांच्या तारखा आम्ही विद्यार्थ्यांकडून घोकून घेतों. परंतु ज्या हत्यारांनीं मनुष्यानें शेतें पिकविलीं व बागा फुलविल्या, तीं कोणीं, केव्हां व कां घडविलीं, याची विचारपूस सहसा कोणी करीत नाहीं. गुलाबाची हौस असलेल्या गृहस्थास छाटणीचें हत्यार निवडतांना जो घोंटाळा होतो, त्याचें मूळ या विस्मृतींत आहे, असें आम्हांस वाटतें.

हा विषय आम्हांस सुचण्याचें कारण मात्र लाजिरवाणें आहे. कांहीं वर्षांपूर्वीं आश्विनांत, पाऊस उलटल्यावर, आम्हीं बाजारांतून एक स्वस्त कात्री आणून घरच्या गुलाबांची छाटणी स्वतःच उरकली. आमच्या मातोश्रींनीं लावलेलें एक जुनें झाड त्यांत होतें. मातोश्री आतां नाहींत. महिन्याभरांत त्या झाडाच्या फांद्या शेंड्याकडून काळ्या पडूं लागल्या. नेहमींच्या वृद्ध माळीबुवांस त्या वर्षीं आम्हीं बोलाविलें नव्हतें. आतां धांवत जाऊन आणलें. त्यांनीं एका फांदीचें टोंक आमच्यापुढें धरलें. साल चेचलेली होती. ते एवढेंच म्हणाले, "मास्तर, हे कापलेलं न्हाई, चावलेलं हाय."

या एका वाक्यांत युरोपांतील एका जुन्या वादाचें सार आलेलें आहे, हें आम्हांस पुढें वाचन करतांना कळलें.

छाटणीचें प्राचीन हत्यार म्हणजे आंकडीदार चाकू किंवा कोयता. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत कोलुमेला या रोमन ग्रंथकारानें द्राक्षवेली छाटण्याच्या कोयत्याचें सविस्तर वर्णन केलें आहे. त्या एका पात्याचे सहा भाग असून प्रत्येकास निराळें नांव व निराळें काम होतें. एका भागानें ओढून कापावयाचें, दुसऱ्यानें तासावयाचें, तिसऱ्यानें घाव घालावयाचा. चाकूचा गुण असा, कीं तो धारदार असला म्हणजे जखम गुळगुळीत होते व झाड ती लवकर भरून काढतें. दोष असा, कीं त्यास कसबी हात लागतो. आणि गुलाबाची कांटेरी फांदी एका हातानें धरून दुसऱ्यानें पातें ओढणें नवशिक्याच्या बोटांस महाग पडतें.

या चाकूस प्रतिस्पर्धी निर्माण केला तो एका पदच्युत मंत्र्यानें. अँत्वान फ्रांस्वा बर्त्रां द मोल्व्हील (१७४४–१८१८) हा सोळाव्या लुईचा आरमारमंत्री होता. १७९२ च्या ऑगस्टमध्यें राजसत्ता कोसळली, तेव्हां त्यास इंग्लंडांत पळावें लागलें. पुढील जानेवारींत त्याच्या धन्याचा गिलोटिनखालीं शिरच्छेद झाला. राज्यक्रांतीचा इतिहास लिहिणारा हा गृहस्थ बूर्बाँ घराणें परत आल्यावर स्वदेशीं गेला, आणि १८१५ च्या सुमारास त्यानें छाटणीची दुपाती कात्री योजिली असें मानतात. कापणें या अर्थाच्या लॅटिन धातूवरून तिचें फ्रेंच नांव पडलें. तिचें एक पातें धारदार व फुगीर, दुसरें बोथट व आंकडीसारखें. आंकडी फांदी धरून ठेवते व धारदार पातें तिच्या बाजूनें सरकत कापतें.

जुन्या माळ्यांनीं मात्र या कात्रीवर आरोप ठेवला, कीं ती फांदी चेचते. आरोप खोटा नव्हता; इंग्लंडांतील कसबी माळी कित्येक वर्षें चाकूसच चिकटून राहिले. तरी कात्रीच जिंकली. एक तर तिनें काम झपाट्यानें होई. दुसरें असें, कीं याच काळांत गुलाबच बदलत होता. १७९२ पासून १८२४ पर्यंत चीनमधील चार गुलाब एकामागून एक इंग्लंडांत पोहोंचले. युरोपांतील बहुतेक जुने गुलाब वर्षांतून एकदां, मागील वर्षाच्या फांदीवर फुलत. हे पाहुणे नव्या फुटीवर पुनःपुन्हां फुलणारे होते. त्यांच्या संकरांतून पुढें १८६७ सालीं लियाँच्या गियो यानें 'ला फ्रान्स' हा गुलाब प्रसिद्ध केला, व आजच्या हायब्रिड टी गुलाबांची गणना त्याच्यापासून करतात. ज्या झाडास नव्या फुटीवर फूल येतें, त्यास छाटणी नियमानें हवी. सुलभ हत्यार व छाटणी मागणारें झाड यांची गांठ एकाच पिढींत पडली.

म्हणून निवडीचा नियम सोपा आहे : जखम गुळगुळीत करील तें हत्यार चांगलें. ज्या कात्रीचें पातें ऐरणीसारख्या सपाट पट्टीवर आदळतें, ती वाळलेल्या काटक्यांसाठीं ठेवावी. हिरव्या फांदीस ती चेचते. आमची कात्री नेमकी याच जातीची होती. हिरव्या फांदीस पातें शेजारून सरकणारी कात्री घ्यावी, आणि धारदार पातें झाडावर राहणाऱ्या भागाकडे ठेवावें, म्हणजे आंकडीचा दाब टाकून द्यावयाच्या तुकड्यावर पडतो. बाहेरच्या बाजूस तोंड असलेल्या डोळ्याच्या वर पाव इंचावर तिरपा काप द्यावा. अंगठ्याहून जाड लाकडास कात्री न लावतां लहान करवत लावावी. पातीं सुटीं होणारीं असावींत, कारण धार लावतां येत नाहीं ती कात्री दोन वर्षांत चावूं लागते. स्वित्झर्लंडांत १९४५ सालीं स्थापन झालेल्या फेल्को कारखान्याचा लौकिक याच गोष्टीवर झाला : हलक्या मुठी व बदलतां येणारे भाग.

मोल्व्हीलची कात्री आतां आपल्याकडेही घरची झाली आहे. नाशिककडील द्राक्षबागांत एप्रिलची खरड छाटणी व ऑक्टोबरची गोडी छाटणी तिनेंच होते, आणि तेथील मजूर तिला सरळ 'सिकेटर' म्हणतात.

मग चाकू गेला काय? आमच्या झाडाची बुडाजवळची एकच फांदी हिरवी राहिली होती. पौषांत माळीबुवांनीं कमरेचा लहान चाकू काढला, त्या फांदीवरून सालीसकट दोन डोळे उचलले, गांवठी गुलाबाच्या सालीस इंग्रजी टी अक्षरासारखी चीर देऊन त्यांत ते बसविले व बांधले. हें काम कोणत्याही कात्रीस येत नाहीं. मूळ झाड पुढें मेलें. दोन डोळ्यांपैकीं एक लागला. यंदा त्याची पहिली छाटणी झाली. कात्री आमची होती, धार माळीबुवांनीं लावून दिली.