दमेकरी आणि धाव

धावल्याने, कसरतीने वा अन्य श्रमाने ज्याला श्वास घेणे जड जाते त्याला दमा झाला आहे असे समजावे, असे ॲरेटीअस या ग्रीक वैद्याने इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतच लिहून ठेवले. या विधानातून श्रम हे दम्याचे लक्षण की कारण, असा प्रश्न उरला. आणि त्याचा शोध घेणाऱ्यांत काही वैद्य स्वतःच दमेकरी होते.

लिचफील्डचा सर जॉन फ्लॉयर हा त्यांपैकी एक. १६९८ साली दम्यावर ग्रंथ लिहिताना त्याने जणू आपल्याच छातीची साक्ष काढून व्यायामांची प्रतवारी लावली : घोड्यावरची रपेट सर्वांत मानवणारी, चालणे त्याहून कष्टाचे. पुढे लंडनच्या हेन्‍री हाइड सॉल्टरने, तोही दमेकरीच, असा तर्क केला की धापा टाकताना थंड हवा श्वासनलिकांच्या अस्तरावरून वेगाने वाहते व तीच त्यांना डिवचते. या तर्काची कसोटी लागण्यास मात्र शंभरावर वर्षे जावी लागली. तोवर श्रम टाळण्याच्या सल्ल्याने कित्येकांचा दमसास आणखीच खालावला असेल!

जोरकस उच्छ्वासाच्या पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते हे मोजता येऊ लागल्यावर एक विलक्षण गोष्ट दिसली. धावताना नलिका बहुधा मोकळ्याच असतात. त्या आवळतात धाव थांबल्यानंतर, पाचदहा मिनिटांत, आणि तासाभरात सामान्यतः पूर्ववत होतात. १९७० नंतरच्या प्रयोगांत असेही आढळले की, उबदार व दमट हवेत तितकेच श्रम केले तर हे आकुंचन फारच थोडे होते. सिडनीच्या सँड्रा अँडरसन यांनी कोरडेपणावर बोट ठेवले. जलद श्वासाने अस्तरावरचे पाणी उडून जाते, राहिलेला ओलावा अधिक खारट होतो, त्यामुळे तेथील पेशी हिस्टमीनसारखी द्रव्ये सोडतात आणि नलिकांचे स्नायू आकसतात. पोहणाऱ्या दमेकऱ्याला धावणाऱ्यापेक्षा कमी त्रास का, याचे उत्तर पाण्यालगतच्या ओलसर हवेत सापडले.

१९८४ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिक सामन्यांत उतरलेल्या अमेरिकी चमूत श्रमाने दमा उसळणारे ६७ खेळाडू होते. त्यांनी ४१ पदके मिळविली. श्रमापूर्वी हुंगावयाचे औषध आणि सावकाश अंग गरम करणे, ही साधने तोवर हाती आली होती. प्रौढ दमेकऱ्यांवरील पुढील अभ्यासांत, नियमित व्यायामाने विश्रांतीच्या वेळचे श्वासमापन फारसे सुधारलेले आढळले नाही. सुधारला तो दमसास. ज्या जिन्याला पूर्वी धाप लागे, तोच जिना कमी श्वासांत चढता येऊ लागला.