उरलेले तुकडे आणि आजीची कॅसेट



पाच भाकरींनी पाच हजारांना जेवू घातल्यावर प्रभू येशूने शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करायला लावले. काहीही वाया जाऊ नये, ही त्याची इच्छा योहानाने सहाव्या अध्यायात नोंदवली आहे. बारा टोपल्या भरल्या. गेल्या उन्हाळ्यात माझ्या हाती अशीच एक टोपली आली, साठ मिनिटांची एक जुनी कॅसेट.

इंदूरला बडा गणपतीजवळच्या आमच्या जुन्या घरात ती १९८६ साली भरली होती. मधल्या खोलीत गाणारी आजी, शेजारी टाळ धरलेली आत्या आणि चटईवर टेपरेकॉर्डर. आजी मूळची नगर जिल्ह्यातली. जात्यावर शिकलेल्या चालीत ती प्रभूचा जन्म आणि पवित्र मरीयेचे दुःख गात असे. शब्द तिचेच होते. कुठे लिहिलेले नव्हते.

ओवी आणि आपली श्रद्धा यांचे नाते जुने आहे. १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी सुमारे ११ हजार ओव्यांत ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. पुढे १६४९ आणि १६५४ साली त्याच्या आवृत्त्या निघाल्या. या छापील प्रतींपैकी आज एकही हाती नाही. ग्रंथ वाचला तो भाविकांनी हाताने उतरवून घेतलेल्या प्रतींमुळे. त्यांच्याच आधारे १९०७ साली मंगळूरला नवी आवृत्ती निघाली. छापलेले हरवले आणि घराघरांत जपलेले उरले.

जात्यावरच्या ओव्यांचेही तसेच झाले. पिठाची गिरणी आली, जाते थांबले आणि ओवीही मुकी होऊ लागली. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवाँ यांनी खेडोपाडी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या उतरवून घेतल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साथीने त्यांतल्या हजारो ओव्या बायकांच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाल्या. २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या सर्वांना ऐकता येतात.

ते वाचूनच मी आमची कॅसेट भाच्याकडे दिली. त्याने टेपच्या हेडवर साचलेली घाण स्पिरिटने पुसली, डेकचा सैल पट्टा बदलला आणि आवाज संगणकावर घेतला. मग सरसर खरखर काढली.

“मामा, आता ऐका, किती स्वच्छ झालंय!”

खरेच स्वच्छ होते. पण आत्याने कान लावला आणि म्हणाली, “अरे, आई ‘येशू’ म्हणतेय ना? मग मला ‘येऊ’ का ऐकू येतंय?”

भाच्याने कारण सांगितले. टेपची खरखर आणि ‘स’, ‘श’ यांचा सीत्कार साधारण एकाच उंच पट्टीत असतात. खरखर पुसायला गेले की ती अक्षरेही झिजतात. आम्ही आवाज नितळ करता करता प्रभूचे नावच पुसत होतो! मग भाच्याने निम्मी खरखर परत आणली, आणि ‘येशू’ परत आला.

दुसरा प्रश्न घंटेचा होता. तिसऱ्या ओवीमागे बडा गणपतीच्या देवळातली घंटा ऐकू येते. “ख्रिस्ती गाण्यात ही कशाला?” असे घरातल्या एकाने विचारले. मला आजी आठवली. तिने दार लावले नव्हते, की आवाजही चढवला नव्हता. त्याच गल्लीत, त्याच शेजारात, तिने शांतपणे आपल्या प्रभूचे नाव घेतले होते. घंटा काढली असती तर तिची साक्ष कुठे दिली गेली, तेच पुसले गेले असते. घंटा ठेवली.

आपण आपले पूर्वज आठवतो तेव्हाही असेच नितळ करू पाहतो. त्यांची अडखळ, त्यांचा दम लागणे, त्यांचे शेजारी वगळतो. देवाने मात्र त्यांना त्या सगळ्यासकट ऐकले.

तुमच्या कपाटातही एखादी कॅसेट असेल. बुरशी लागण्याआधी ती बाहेर काढा. गाणारी व्यक्ती हयात असेल, तर आज संध्याकाळीच तिच्याजवळ बसा.

हे प्रभू, आमच्या घरांतले उरलेले तुकडे गोळा करायला आम्हांला सवड आणि प्रेम दे. आमेन.