माइल्स स्टँडिश : विडंबनातून गळालेले मुंडके

रेडिओवर माइल्स स्टँडिशची प्रेमकथा चालू आहे. ऐकणारे आजोबा नातवाला सांगतात, हे असे घडलेच नव्हते, खरे काय ते मी सांगतो. वॉर्नर ब्रदर्सचा 'द हार्डशिप ऑफ माइल्स स्टँडिश' (१९४०, दिग्दर्शक फ्रिझ फ्रेलेंग) हा अ‍ॅनिमेशनपट असा सुरू होतो.

टवाळी आहे ती लाँगफेलोच्या १८५८ मधील दीर्घकाव्याची. प्लिमथ वसाहतीचा सेनानी स्टँडिश तरुण जॉन आल्डनकरवी प्रिसिलाला मागणी घालतो आणि ती दूतालाच पसंत करते. कवी स्वतः आल्डन-प्रिसिलाचा वंशज. घरातली आख्यायिका त्याने राष्ट्राची केली. कार्टूनमध्ये आल्डन म्हणजे आपला एल्मर फड, गाऊन तार पोहोचवणारा. पुढे रेड इंडियनांचा हल्ला आणि हास्यकल्लोळ.

मेफ्लॉवरच्या १०२ प्रवाशांपैकी सुमारे निम्मे पहिल्याच हिवाळ्यात दगावले. त्यांत प्रिसिलाचे आईवडील व भाऊ होते, स्टँडिशची पत्नी रोजही होती. आल्डन पिंपे बनवणारा कारागीर. त्याचे प्रिसिलाशी लग्न झाले हे खरे. प्रेमत्रिकोणाला मात्र समकालीन पुरावा नाही.

पुरावा आहे तो वेगळ्याच प्रसंगाला. मार्च १६२३ मध्ये, मूलनिवासी हल्ल्याचा कट रचत असल्याच्या वार्तेवरून, स्टँडिश मोजकी माणसे घेऊन वेसागसेटला गेला. मॅसॅच्युसेट जमातीच्या पेक्सूटने त्याच्या ठेंगणेपणाची थट्टा केल्याचे वसाहतीचाच एडवर्ड विन्स्लो लिहितो. दुसऱ्या दिवशी पेक्सूट, विटुवामट आणि त्यांचे सोबती एका खोलीत असताना दार बंद झाले. पेक्सूटला स्टँडिशने त्याच्याच सुरीने मारले. विटुवामटचे मुंडके प्लिमथच्या गढीवर लावण्यात आले. लायडनमध्ये राहिलेले धर्मगुरू जॉन रॉबिन्सन यांनी त्याच वर्षी पत्र लिहून या रक्तपाताबद्दल खेद व्यक्त केला.

लाँगफेलोने हे पुरते लपवले नाही, याचे श्रेय त्याला द्यायला हवे. बंद खोलीऐवजी त्याने उघड्यावरची चकमक रंगवली खरी, पण मुंडके ठेवले आणि ते पाहून प्रिसिलाला तोंड फिरवायला लावले. 'खरे काय ते' सांगणाऱ्या आजोबांच्या गोष्टीत वेसागसेट नाही, गढीवर काही टांगलेले नाही. चाल करून येतात ते फक्त इंडियन, आणि तेही हसवायला.