बोन्साय, रुंदपर्णी वृक्षांचे
उथळ कुंडीत वाढवून छाटणीने व तारेने वळण दिलेले रुंद पानांचे वृक्ष. जपानी परंपरेत पाइन, जुनिपर या सूचिपर्णी वृक्षांना मोठा मान आहे; परंतु पाबळ (ता. शिरूर, जि. पुणे) सारख्या पर्जन्यछायेतील उष्ण, कोरड्या गावी वड, उंबर, पिंपळ, चिंच व बोगनवेल हीच खरी भरवशाची झाडे होत.

यांत वड श्रेष्ठ. पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेले त्याचे बी भिंतीच्या फटीतही रुजते, म्हणजे तुटपुंज्या मातीत जगणे त्याच्या स्वभावातच आहे. मुळे छाटली तरी तो सावरतो आणि दमट हवेत पारंब्या सोडतो. वाढीच्या दिवसांत निरोगी झाडाची सगळी पाने देठ राखून खुडल्यास नवी पाने लहान येतात. अशक्त झाडावर हा प्रयोग कधीही करू नये. पिंपळाची पाने मात्र सहजी लहान होत नाहीत. चिंचेच्या पर्णिका मुळातच बारीक असल्याने खोड लवकर जुनाट दिसते, पण शेंगा नेहमीच्याच आकाराच्या लागतात.

शेतातली काळी माती कुंडीत पाणी धरून ठेवते व वाळल्यावर भेगाळते; म्हणून चाळलेला मुरूम, विटांचा चुरा आणि कुजलेले शेणखत यांचे मिश्रण वापरावे. कुंडी बदलणे व मुळांची छाटणी पावसाळ्याच्या तोंडावर करावी. पावसात फांद्या झपाट्याने जाड होऊन तार सालीत रुतते, तेव्हा ती वेळीच कापून काढावी. एप्रिल-मेमध्ये दुपारची सावली आणि दोन वेळा पाणी द्यावे लागते. झाड उपाशी ठेवून बुटके करतात, हा समज चुकीचा आहे. त्याला खतपाणी नियमित लागते.