समुद्रापलीकडची पेढी

व्यापारासाठी परमुलखात जाणाऱ्याला दोन चिंता असतात: व्यवहाराचे काय होईल आणि घरच्यांचे काय होईल. तार आणि टपालखाते नसताना माणसे या चिंता कशा वाहत असत, हे इतिहासाला सहसा सांगता येत नाही. कारण राजांचे लेख दगडावर राहतात, व्यापाऱ्यांचे कागद वाळवी खाते. बाराव्या शतकातील काही कागद मात्र दैवाने वाचले आहेत.

देवाचे नाव लिहिलेला कागद नष्ट करू नये, असा ज्यू लोकांचा दंडक. त्यामुळे जुन्या कैरोतील एका सिनेगॉगच्या कोठडीत शतकानुशतके जुने कागद साठले. त्यांत हिशेब आणि पत्रेही पडली. १८९६-९७ मध्ये शेख्टर यांनी त्यांचा फार मोठा भाग केंब्रिजला नेला. पुढे गॉइटाइन यांनी त्यांतून हिंदुस्थानच्या व्यापाराची पत्रे निवडून काढली.

त्या पत्रांत आपल्याला अब्राहम बेन यीजू भेटतो. हा मूळचा ट्युनिशियातील महदियाचा. ११३२ पासून ११४९ पर्यंत त्याचे वास्तव्य मुख्यत्वे मलबार किनाऱ्यावर होते. मंगळूरला त्याने पितळी भांड्यांचा कारखाना काढला. एडनचे व्यापारी जुने तांबे व फुटकी भांडी धाडीत; हा ती नवी घडवून पाठवी, सोबत मिरी, वेलदोडे, लोखंड. उलट एडनहून साखर, बेदाणे आणि लिहायला कागद येई. कागद इतका दुर्मिळ, की आलेल्या पत्राच्या कोऱ्या जागेतच हा आपले हिशेब मांडी.

टपाल वाऱ्याच्या स्वाधीन होते. जहाजे मोसम पाहूनच सुटत. पत्राला उत्तर यायचे तर वर्ष उलटे. म्हणून महत्त्वाच्या पत्राच्या दोन प्रती दोन जहाजांनी जात. पण जो निर्णय वर्षभर थांबू शकत नाही, त्याचे काय? तेथे उपाय एकच: दुसऱ्या बंदरातील स्नेह्याने आपल्या वतीने तो घ्यावा. एडनचा मदमून याचा माल विकी, याच्यासाठी खरेदी करी आणि पै-पैचा हिशेब कळवी. आज याने त्याचे काम करावे, उद्या त्याने याचे. या कामाला मजुरी नसे. पत हेच भांडवल.

या पतीचा एक दाखला आपल्या ठाण्याशीही जोडलेला आहे. अबू झिक्री नावाचा व्यापारी चाच्यांच्या तावडीत सापडून नागवला गेला व भडोचला पोचला. मंगळुराहून त्याच्या मेहुण्याने लिहिले, की सोने लागले तर ठाण्यास असलेल्या तिंबू नाखव्याकडून माझ्या खात्यावर घे. आमच्यात भावाभावांचे नाते आहे. एका ज्यू व्यापाऱ्याचा शब्द परधर्मी नाखव्याने ठाण्यात वटवावा, एवढी ती पत होती.

घराशी असलेला धागा मात्र इतका चिवट ठरला नाही. ११४८ मध्ये नॉर्मनांनी महदिया घेतले. बेन यीजूची भावंडे सिसिलीत विखुरली. ११४९ मध्ये एडनला परतल्यावर त्याने भावांना लिहिले, की मी सुखरूप आहे, माझ्याजवळ सर्वांना पुरेल एवढे आहे, या. पुढे एका भावाने त्याला पैशांत फसवले. त्याचा मुलगाही वारला. अखेर ११५६ मध्ये दुसऱ्या भावाच्या मुलाशी त्याच्या मुलीचा विवाह झाला, आणि तुटलेले घर एवढ्यापुरते सांधले गेले.

वेगवान साधने आली म्हणजे दूरची माणसे जवळ येतात, असे आपण समजतो. या पत्रांवरून आम्हांस वाटते, की साधन संदेश पोचवते. विश्वास मात्र माणसालाच, वर्षानुवर्षे, स्वहस्ते लिहावा लागतो.