पत्र्यावरचा रंग, छातीतली धूळ

30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईत प्रीमियर पद्मिनी टॅक्सी म्हणून धावायची बंद झाली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला झाली होती आणि टॅक्सीची मुदत होती 20 वर्षांची. आता उरल्या त्या हौशी लोकांच्या खासगी गाड्या. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली अशी एखादी गाडी नव्याने उभी करायची, तर पहिलं मोठं काम रंग उतरवण्याचं. रंगाचे थरावर थर, त्याखाली लांबी, त्याखाली गंज. हाताने खरवडायला दिवसच्या दिवस जातात. मग कोणीतरी म्हणतं, "सँडब्लास्टिंग करून टाका, संध्याकाळपर्यंत पत्रा उघडा."

हे खोटं नाही. पण नळीतून नेमकं काय मारायचं, या प्रश्नामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

तो सुरू होतो अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात. बेंजामिन च्यू टिल्घमन यादवी युद्धात लढून आलेला अधिकारी होता आणि संशोधकही. 18 ऑक्टोबर 1870 ला त्याला पेटंट मिळालं. कल्पना साधी होती: वाफेच्या किंवा हवेच्या झोताबरोबर वाळू सोडायची, म्हणजे दगड, काच, धातू काहीही कापता आणि कोरता येतं. वाळू स्वस्त, सगळीकडे मिळणारी आणि पोलादाला पुरून उरणारी. ओतीव लोखंड साफ करणाऱ्या कारखान्यांनी ही युक्ती लगेच उचलली.

वाळू म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झ, म्हणजे सिलिका. पत्र्यावर आपटून कण फुटतो आणि डोळ्यांना न दिसणारी बारीक धूळ तयार होते. ती थेट फुफ्फुसाच्या टोकापर्यंत जाते. तिला गिळायला आलेल्या शरीराच्या पेशी मरतात, त्या जागी व्रण धरतात, श्वास आखूड होत जातो. याला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा करणारं औषध आजही नाही आणि त्यात क्षयरोगाचा धोकाही वाढतो. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवू शकत नाही.

ब्रिटनने 1949 च्या नियमांनी ओतीव वस्तूंच्या ब्लास्टिंगमध्ये सिलिकाची वाळू बंद केली. टिल्घमनच्या पेटंटला तोवर 79 वर्षं झाली होती. अमेरिकेत सरकारी आरोग्य संस्थेने अशीच बंदी 1974 मध्ये सुचवली, पण सरसकट बंदी आली नाही. जीन्सला जुनाट रूप देण्यासाठी तुर्कस्तानातल्या बंदिस्त खोल्यांत तरुण मुलं वाळू मारत राहिली. ती आजारी पडू लागली, तेव्हा 2009 मध्ये तिथे डेनिमचं सँडब्लास्टिंग बंद झालं. भारतात 1948 च्या कारखाने कायद्यात सिलिकोसिस हा सरकारला कळवणं बंधनकारक असलेला आजार होता. पण चार माणसांच्या शेडपर्यंत हा कायदा बहुधा पोहोचत नसे.

धातूच्या बाजूचा इतिहास वेगळा आहे. ब्लास्टिंगने पत्रा तापतो आणि वाकतो, असं गॅरेजमध्ये सर्रास सांगतात. मुख्य कारण उष्णता नसून मार आहे. प्रत्येक कण हातोडीसारखा आदळतो, वरचा थर ताणला जातो, खालचा तसाच राहतो, आणि पत्र्याला फुगवटा येतो. जनरल मोटर्समधल्या जे. ओ. आल्मेन यांनी 1940 च्या दशकात याच गोष्टीचं मोजमाप बनवलं: पोलादाच्या छोट्या पट्टीवर एका बाजूने मारा करायचा आणि ती किती वाकली ते बघायचं. या पट्ट्यांमधली सर्वांत पातळ पट्टी 0.79 मिलिमीटरची असते. जुन्या गाडीचं बॉनेट किंवा टप साधारण तेवढ्याच जाडीचा असतो. म्हणजे बॉनेटवर जोरात वाळू मारणारा माणूस नकळत आल्मेनचाच प्रयोग करत असतो, फक्त पट्टी खूप मोठी असते.

धातू नाजूक आणि मोलाचा असला, की मऊ पर्याय शोधले गेले. 1980 च्या दशकात स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याची डागडुजी झाली. तिचा तांब्याचा पत्रा जेमतेम 2.4 मिलिमीटर जाड. आतला रंग द्रवरूप नायट्रोजनने उतरवला आणि त्याखालचं डांबर खाण्याच्या सोड्याचा मारा करून. त्याच दशकात युटामधल्या हिल हवाई तळावर एफ-4 फँटम विमानांचा रंग प्लॅस्टिकच्या कणांनी काढायला सुरुवात झाली. तिथे आधी वापरात असलेली रसायनं कामगारांना घातक होती आणि त्यांचा विषारी कचराही डोईजड झाला होता.

आता पद्मिनीकडे येऊ. टप, बॉनेट, दरवाजे यांसाठी प्लॅस्टिक किंवा सोडा. दोन्ही मऊ असल्यामुळे पत्रा वाकण्याची भीती कमी, पण गंज त्यांना जुमानत नाही. सोडा वापरला तर नंतर नीट धुवावं लागतं, नाहीतर नवा रंग धरत नाही. सस्पेन्शनचे जाड, गंजलेले भाग गार्नेटने साफ होतात. गार्नेट तमिळनाडू आणि ओडिशाच्या किनाऱ्यांवर सापडतो. तो क्वार्ट्झइतकाच कठीण, पण त्यात मुक्त सिलिका अगदी थोडी. घात करते ती मुक्त सिलिका, कठीणपणा नव्हे. पाण्यासोबत मारा केला तर धूळ बरीच बसते, पण ओला पत्रा लगेच गंज धरतो, म्हणून तो पटकन सुकवून प्रायमर मारावा लागतो. आणि माध्यम कुठलंही असो, जुन्या रंगात शिसं असू शकतं. त्यामुळे बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारं शिरस्त्राण लागतंच.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना स्वस्त पर्यायाची किंमत नंतर दुसऱ्याच कोणाला तरी मोजावी लागते, हे रोज दिसतं. तिथे फार तर कोणाची तरी रात्रपाळी वाढते. इथे पंचविशीतल्या पोराचा श्वास जातो, तोही गाडी चकाचक होऊन मालकाच्या घरी गेल्यावर कित्येक वर्षांनी.

म्हणून दर विचारताना आणखी दोन गोष्टी विचाराव्यात: नळीतून काय मारणार, आणि मारणाऱ्या माणसाला हवा कुठून मिळणार? पहिल्याचं उत्तर "साधी वाळू" किंवा दुसऱ्याचं "रुमाल बांधतो की" असं आलं, तर गाडी परत घेऊन जावी. पद्मिनीने एवढी वर्षं वाट पाहिली आहे, आणखी महिनाभर पाहील.